मेंदूतला ‘डिंक’: एका नावाआड राहिलेल्या पेशींचा इतिहास

१/९
मेंदू म्हटले की डोळ्यांपुढे चेतापेशी येते. परंतु मानवी मेंदूतील जवळपास निम्म्या पेशी चेतापेशी नसतातच. त्यांतील बहुसंख्य ‘ग्लिया’ या नावाने ओळखल्या जातात. शतकाहून अधिक काळ त्या उपेक्षित का राहिल्या, त्याची ही कथा. #थ्रेड #विज्ञानाचा_इतिहास

२/९
१८५६. चेतापेशींच्या मधल्या जागेत दिसणाऱ्या द्रव्याला जर्मन शास्त्रज्ञ रुडॉल्फ फिरशो यांनी ‘न्यूरोग्लिया’ हे नाव दिले. ‘ग्लिया’ या ग्रीक शब्दाचा अर्थ डिंक. चेतापेशींना धरून ठेवणारा भराव, एवढीच त्याची ओळख ठरली.

३/९
१८७३ साली इटलीच्या कामिलो गॉल्जी यांनी चांदीच्या क्षारांनी पेशी काळ्या रंगवण्याची पद्धत शोधली. १९०६ चे नोबेल त्यांना आणि स्पेनच्या सांतियागो रामोन इ काहाल यांना विभागून मिळाले. दोघांचा गाजलेला वाद मात्र चेतापेशींविषयी होता.

४/९
१९१३ मध्ये काहाल यांनी सोन्याच्या क्षारांनी ताऱ्यासारख्या ग्लिया पेशी, म्हणजे अ‍ॅस्ट्रोसाइट, स्पष्ट दाखवल्या. ज्यांच्या शाखा रंगतच नव्हत्या, अशा उरलेल्या पेशींना त्यांनी ‘तिसरा घटक’ म्हटले.

५/९
हे कोडे सोडवले त्यांच्याच प्रयोगशाळेतील पिओ देल रिओ-ओर्तेगा यांनी. सिल्व्हर कार्बोनेट वापरून त्यांनी दाखवले की, हा घटक एक नसून दोन आहेत: मायक्रोग्लिया आणि ऑलिगोडेंड्रोग्लिया. इजा होताच मायक्रोग्लिया रूप पालटतात, तिकडे सरकतात आणि मृत अवशेष गिळतात, असे त्यांनी १९१९ मध्ये मांडले.

६/९
गुरूला हे सहज पटले नाही. मतभेदांत वैयक्तिक कटुता मिसळली आणि १९२० साली शिष्याला प्रयोगशाळा सोडावी लागली. पुढे स्पेनच्या यादवी युद्धाने देशही सुटला. पॅरिस, ऑक्सफर्ड आणि अखेर ब्युनोस आयरेस. तिथेच १९४५ मध्ये त्यांचे निधन झाले.

७/९
दरम्यान एक खूण दुर्लक्षित राहिली होती. स्मृतिभ्रंश झालेल्या रुग्णाच्या मेंदूतील ग्लिया पेशींत मेद साठल्याची नोंद आलोइस अल्झायमर यांनी १९०७ मध्येच केली होती. संशोधकांचे लक्ष मात्र दीर्घकाळ चेतापेशींवर आणि त्यांच्याभोवतीच्या प्रथिनांच्या साठ्यांवर खिळले.

८/९
२०१३ मध्ये दोन घटनांनी चित्र पालटले. ‘ट्रेम-२’ जनुकातील एका दुर्मीळ बदलामुळे अल्झायमरचा धोका सुमारे तिप्पट होतो, असे प्रसिद्ध झाले. मेंदूत हे जनुक प्रामुख्याने मायक्रोग्लियांतच कार्यरत असते. त्याच वर्षी मानवी ग्लियाच्या पूर्वपेशी रोपलेले उंदीर इतर उंदरांपेक्षा लवकर शिकतात, असे एका प्रयोगात दिसले.

९/९
वय वाढते तसे मायक्रोग्लियांचे सफाईकाम मंदावते आणि मेंदूत सौम्य दाह रेंगाळू लागतो, असे आता मानले जाते. म्हणजे वार्धक्यातील विस्मरणाचा शोध ‘भरावा’पर्यंत येऊन पोहोचला आहे. रिओ-ओर्तेगांचे अवशेष १९८६ मध्ये मायदेशी, वायादोलिदला परतले. त्यांच्या पेशींना मात्र आपण आजही डिंकच म्हणतो.