लाकडाला जागा देणारी चौकट: दाराच्या एका जुन्या युक्तीचा इतिहास

१/
पावसाळ्यात लाकडी कपाटाचे दार अडकते आणि हिवाळ्यात त्याच दाराच्या कडेला फट दिसू लागते. जुलैमध्ये रंधा मारून दार तासले, तर जानेवारीत ती फट अधिकच रुंद होते. सुतारकामाइतक्याच जुन्या या प्रश्नावर जे उत्तर सापडले, त्यावरून लंडनमध्ये पुढे दोन व्यवसायांची हद्द ठरवावी लागली. त्या उत्तराचा हा इतिहास. (थ्रेड)

२/
आधी लाकडाचा स्वभाव. झाड तोडून शतके लोटली, तरी लाकूड हवेतील बाष्प शोषते आणि सोडते. मात्र ते सर्व दिशांनी सारखे फुगत नाही. रेषांच्या दिशेने लांबी जवळजवळ स्थिर राहते. बदलते ती रुंदी. ओकच्या सलग फळ्यांचे ६०० मिमी रुंद दार घेतले आणि लाकडातील ओलावा ५ टक्क्यांनी वाढला, तर ते दार सुमारे १ सेंमी रुंदावू शकते. सागवानात हीच वाढ जवळपास निम्मी असते.

३/
मध्ययुगीन युरोपातील बरीचशी दारे उभ्या फळ्यांना आडव्या पट्ट्या ठोकून केलेली असत. लंडनच्या वेस्टमिन्स्टर ॲबीमध्ये असे एक ओकचे दार आजही उभे आहे. त्यात पाच उभ्या फळ्या आणि तीन आडव्या पट्ट्या आहेत. वृक्षवलयांच्या अभ्यासावरून ते १०५० च्या दशकातील असल्याचे २००५ मध्ये स्पष्ट झाले.

४/
मोठ्या दाराला थोडी कमीजास्त फट चालून जाते. कपाटाच्या नेमक्या मापाच्या दाराला ती चालत नाही. शिवाय उभ्या फळीवर आडवी पट्टी पक्की खिळली, की दोघींचे जमत नाही. कोरड्या हवेत फळी रुंदीत आकसू पाहते. पट्टीची लांबी मात्र बदलत नाही. खिळे हलू देत नाहीत आणि अखेर फळी उभी तडकते.

५/
यावरचे उत्तर प्राचीनांना ठाऊक होते. इ.स. ७९ मध्ये व्हेसुव्हियसच्या उद्रेकात गाडल्या गेलेल्या हर्क्युलेनियममधील एका घरात कोळसा झालेले लाकडी विभाजन-दार सापडले. त्याची रचना चौकट आणि तिच्यात बसवलेल्या फळ्या अशी आहे. ते घर आज ‘लाकडी विभाजनाचे घर’ म्हणूनच ओळखले जाते.

६/
युक्ती अशी. चार अरुंद पट्ट्या खाच आणि कूस यांनी जोडून चौकट करायची आणि लाकडी खुंटी मारून सांधा पक्का करायचा. चौकटीच्या आतल्या कडेने खोबण पाडायची आणि तिच्यात पातळ फळी नुसती सरकवायची. तिला खिळा नाही, सरस नाही. खोबणीत थोडी मोकळी जागा ठेवायची. फळी फुगली तर त्या जागेत शिरते, आकसली तर तिथून मागे येते. चौकट मात्र स्थिर राहते.

७/
हिशेब सोपा आहे. आडव्या पट्ट्यांच्या रेषा दाराच्या रुंदीच्या दिशेने धावतात, म्हणून त्यांची लांबी बदलत नाही. रुंदीत फुगतात त्या फक्त दोन उभ्या पट्ट्या. प्रत्येकी ७५ मिमी धरल्यास ६०० ऐवजी केवळ १५० मिमी लाकूड हलते. १ सेंमीची वाढ सुमारे ३ मिमीवर येते. तेवढी फट कडेला सोडली, की दार बाराही महिने उघडते.

८/
पंधराव्या-सोळाव्या शतकांत हे काम फ्लँडर्स आणि इंग्लंडमध्ये बहरले. बाल्टिक प्रदेशातून आयात होणारा, खोडाच्या मध्यापासून सालीकडे चिरलेला ओक त्यासाठी विशेष पसंत केला जाई. अशी फळी आडव्या चिरलेल्या फळीपेक्षा साधारण निम्मीच हलते.

९/
येथून वाद सुरू झाला. मराठीत ज्या दोघांनाही ‘सुतार’ म्हटले जाईल, ते लंडनमध्ये दोन वेगळ्या संघांचे होते: कार्पेंटर आणि जॉइनर. जॉइनरांच्या संघाला १५७१ मध्ये पहिल्या एलिझाबेथची सनद मिळाली. कामाच्या हद्दीवरून संघर्ष चालू राहिला. १६३२ मध्ये नगरप्रशासनाच्या समितीने निवाडा दिला: खाच-कूस आणि सरसाने जोडलेले सामान जॉइनरांचे, फळ्या खिळ्यांनी ठोकून केलेले काम कार्पेंटरांचे. कोणाच्या हाताला कोणते काम मिळणार, हे सांध्याच्या प्रकारावर ठरले.

१०/
विसाव्या शतकात विचाराची दिशा उलटली. १९४१ मध्ये लंडनच्या नॅशनल गॅलरीतील चित्रे बॉम्बहल्ल्यांपासून वाचवण्यासाठी वेल्समधील मॅनॉडच्या पाटीदगडाच्या खाणीत हलवली गेली. त्यांत लाकडी फळ्यांवर रंगवलेली चित्रेही होती. तेथे तापमान आणि आर्द्रता स्थिर ठेवली गेली आणि रंगाचे पोपडे सुटणे जवळजवळ थांबले. युद्धानंतर दालने वातानुकूलित करण्याला या अनुभवाने बळ दिले. सुतार ऋतूनुसार सांधा बदलत होता. संग्रहालयाने हवाच बदलली.

११/
घरोघरी मात्र प्लायवूड आले. त्यात लगतच्या थरांच्या रेषा एकमेकींना काटकोनात चिकटवलेल्या असतात, त्यामुळे प्रत्येक थर शेजारच्याला आवरतो. फळीला मोकळी जागा देण्याची गरज संपली आणि ती जागा का असते, याचे भानही ओसरले. म्हणूनच आजोबांच्या काळातील कपाटाची खडखडणारी फळी ‘सैल’ समजून सरसाने किंवा लांबीने पक्की केली जाते. पुढच्या कोरड्या ऋतूत ती फाटते. तीन-चार पिढ्या टिकलेले दार एका दुरुस्तीत निकामी होते.

१२/
जुने फळीचे दार कोरड्या दिवसांत नीट पाहावे. चौकटीलगत फळीच्या कडेला रंग न लागलेल्या लाकडाची बारीक रेघ दिसते. दार रंगवले तेव्हा फळीचा तेवढा भाग खोबणीत लपलेला होता. ती रेघ दोष नव्हे. फळी अजून मोकळी आहे, याची ती खूण आहे. तिथे लांबी भरू नये.

#इतिहास #मराठीथ्रेड