किनाऱ्यावरचे हौशी पहारेकरी

बालाघाटच्या दक्षिणेस, वैनगंगेच्या खोऱ्यात, गोंदियाजवळ बिरसी नावाचे गाव आहे. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात, १९४० साली, इंग्रज सरकारने तेथे विमानांसाठी धावपट्टी बांधली. आज तिच्यावर नव्या वैमानिकांचे शिक्षण चालते. समुद्रापासून शेकडो मैल आत, भाताच्या मुलखात अशी सोय करावी लागली, यावरून त्या युद्धाची व्याप्ती ध्यानात यावी. परंतु धावपट्टी बांधता येते. वैमानिक तसा बांधून मिळत नाही. सप्टेंबर १९३९ मध्ये युद्ध पेटले तेव्हा हिंदी विमानदलाला सात वर्षेही पुरी झाली नव्हती आणि त्याच्यापाशी लढाऊ पथक होते अवघे एक. मग कराचीपासून कलकत्त्यापर्यंतच्या अफाट किनाऱ्यावर नजर ठेवायची कोणी?

ही माणसे मिळाली ती फ्लाइंग क्लबांतून आणि नागरी विमानसेवांतून. १९२८ मध्ये मुंबई, दिल्ली वगैरे ठिकाणी क्लब निघाले होते. मुंबईच्या क्लबात शिकलेल्या जे. आर. डी. टाटांना १० फेब्रुवारी १९२९ रोजी हिंदुस्थानात दिलेला पहिला वैमानिक परवाना मिळाला. क्लबातले उड्डाण म्हणजे श्रीमंतांचा षौक, असे लोक म्हणत. त्यात तथ्यही होते. पण १९३९ साली चॅटफील्ड समितीने मुख्य बंदरांच्या रक्षणासाठी स्वयंसेवी तत्त्वावर पाच तुकड्या उभारण्याची शिफारस केली, आणि तो षौक एकाएकी देशाच्या कामी आला. विमानदलाचा स्वयंसेवक राखीव विभाग स्थापन झाला. मद्रास, मुंबई, कलकत्ता, कराची आणि कोचीन येथे तटरक्षक तुकड्या उभ्या राहिल्या. पुढे विशाखापट्टणची सहावी तुकडी त्यांना मिळाली.

या तुकड्यांच्या वाट्याला आली ती नियमित दलाने टाकून दिलेली वापिटी विमाने : एका इंजिनाची, दोन पंखजोड्यांची, उघड्या बैठकीची. किनारा दृष्टीआड झाल्यावर ते एकुलते इंजिन बंद पडले, तर खाली समुद्राखेरीज काही नाही. महिनोन्महिने काम एकच. जहाजांचे तांडे गाठायचे, त्यांच्यावर घिरट्या घालायच्या, पाणबुडीची चाहूल घ्यायची आणि परतून अहवाल द्यायचा. त्यात शौर्यपदके मिळवून देणारे प्रसंग फारसे नसत. कंटाळा मात्र पुष्कळ असे. पुढे वापिटींचाही तुटवडा पडला. १९४१ मध्ये मद्रास व कलकत्ता येथील विमाने नव्या दुसऱ्या पथकासाठी काढून घेण्यात आली आणि बदली म्हणून आली चार इंजिनांची अटलांटा प्रवासी विमाने. सुंदरबनच्या खाड्यांवर तीच गस्त घालू लागली. मुंबईच्या तुकडीलाही डी. एच. ८९ व ८६ ही नागरी विमाने देण्यात आली. उतारूंच्या विमानाने शत्रूची पाणबुडी शोधायची, हा प्रकार आज विनोदी वाटेल. त्या वैमानिकांना तो तसा वाटला नसावा.

अमेरिकेत १ डिसेंबर १९४१ रोजी असेच नागरी हवाई गस्तदल स्थापन झाले. तिकडचे वैमानिक नागरिकच राहिले आणि अनेकांनी स्वतःची विमाने आणली. इकडे स्वयंसेवकाला गणवेश चढवून विमानदलात घेतले गेले. त्यामुळे त्याला दूरवरच्या आघाडीवरही जावे लागे. १९३० मध्ये इंग्लंडहून हिंदुस्थानात एकट्याने विमान आणणारे मनमोहन सिंग याच स्वयंसेवक विभागात होते. ३ मार्च १९४२ रोजी ऑस्ट्रेलियातील ब्रूम बंदरावर जपान्यांनी हल्ला केला, त्यात ते मारले गेले.

पुढच्याच महिन्यात जपानी आरमार बंगालच्या उपसागरात शिरले. थोड्या दिवसांत वीसहून अधिक व्यापारी जहाजे बुडाली. ६ एप्रिलला विशाखापट्टण व काकिनाडा यांवर बाँब पडले. विमानवाहू जहाजांपुढे जुन्या वापिटींचा काय पाड लागणार? या तुकड्या शत्रूला पाहू शकत होत्या, अडवू शकत नव्हत्या. आणि त्यांच्याकडून याहून अधिक अपेक्षा करणाऱ्यांनी त्यांना साधने दिली नव्हती. १९४२ च्या अखेरीस त्या मोडण्यात आल्या. डिसेंबरात विमानदलाची सातवी आणि आठवी पथके उभी राहिली, त्यांत या किनारी वैमानिकांना घेण्यात आले, आणि त्यांच्या हाती व्हेंजन्स ही झेप घेऊन बाँब टाकणारी विमाने आली.