विद्युत् घटमाला, लॅपटॉप संगणकाची : भारण व सुरक्षितता

लॅपटॉप संगणकास ऊर्जा पुरविणाऱ्या पुनर्भारणक्षम घटांच्या समूहास घटमाला किंवा बॅटरी म्हणतात. असा संगणक रात्रभर भारकास म्हणजे चार्जरला जोडून ठेवणे कितपत सुरक्षित आहे, हे घटातील रसायनावर व भारण थांबविणाऱ्या मंडलावर अवलंबून असते.

इतिहास : गास्ताँ प्लांते या फ्रेंच भौतिकीविज्ञांनी १८५९ मध्ये शिसे-अम्ल घट तयार केला, तर वाल्डेमार युंगनर या स्वीडिश संशोधकांनी १८९९ मध्ये निकेल-कॅडमियम घट शोधून काढला. या घटांना पूर्ण भारणानंतरही अल्प प्रवाह देत राहता येतो. लिथियम घटांना तो सोसत नाही. एम. स्टॅन्ली व्हिटिंगहॅम यांनी १९७० नंतरच्या दशकात बनविलेल्या घटात ऋण अग्र धातुरूप लिथियमाचे होते. वारंवार भारण केल्यास त्यावर सुईसारखे स्फटिक वाढत व ते धन अग्रास भिडल्यास मंडल संक्षेप होऊन आग लागे. जॉन बी. गुडइनफ (१९२२–२०२३) व त्यांचे सहकारी यांनी १९८० मध्ये ऑक्सफर्ड येथे लिथियम कोबाल्ट ऑक्साइडाचे धन अग्र पुढे आणले. आकिरा योशिनो यांनी १९८५ मध्ये ऋण अग्रासाठी धातूऐवजी कार्बनी द्रव्य वापरून अधिक सुरक्षित घट सिद्ध केला. १९९१ मध्ये जपानच्या सोनी कंपनीने तो बाजारात आणला. या तीन शास्त्रज्ञांना २०१९ चे रसायनशास्त्राचे नोबेल पारितोषिक विभागून मिळाले.

भारणाचे नियंत्रण : प्रचलित प्रकारच्या घटास प्रथम स्थिर प्रवाहाने सु. ४·२ व्होल्टपर्यंत भारित करतात. नंतर दाब स्थिर ठेवतात व प्रवाह पुरेसा घटताच भारण थांबवितात. ही मर्यादा ओलांडल्यास ऋण अग्रावर लिथियम धातू साचतो, धन अग्र अस्थिर होते आणि वाढत्या उष्णतेने ज्वालाग्राही विद्युत् विच्छेद्य पेटू शकते. म्हणून घटमालेतील संरक्षक मंडल दाब, प्रवाह व तापमान सतत मोजते. घटमाला भरल्यावर संगणक भारकाकडूनच ऊर्जा घेतो. त्यामुळे निर्दोष संगणक रात्रभर जोडलेला राहिला, तरी घटमालेचे अतिभारण होत नाही.

मर्यादा : घटाच्या आतील दोष या मंडलास दूर करता येत नाही. २००६ मध्ये घटांत शिरलेल्या सूक्ष्म धातुकणांमुळे आगीचा धोका निर्माण झाला व डेल या एकाच कंपनीस सु. ४१ लाख घटमाला परत मागवाव्या लागल्या. शिवाय पूर्ण भारित घट दीर्घकाळ उष्ण राहिल्यास त्याची धारणक्षमता लवकर घटते. आत वायू साचून तो फुगूही शकतो. यासाठी अनेक लॅपटॉपांत भारण सु. ८० टक्क्यांवर रोखण्याची सोय असते.

दक्षता : संगणक रात्रभर जोडून ठेवावयाचा झाल्यास तो टेबलासारख्या कठीण पृष्ठभागावर ठेवावा. गादी वा पांघरुणामुळे हवेची छिद्रे झाकली जाऊन उष्णता कोंडते. भारक त्या संगणकासाठी योग्य असावा व त्याची वायर अखंड असावी. घटमाला फुगलेली वा असाधारण तापत असल्यास तिचा वापर व भारण तत्काळ थांबविणे आवश्यक असते. फुगलेली घटमाला दाबणे वा टोचणे धोक्याचे असते.