भुलाबाईचा झाकला डबा

आमच्या वऱ्हाडात घाटाखाली पोरीबाळींचा हिशेब भादव्याच्या पुनवेपासून सुरू व्हायचा आणि कोजागरीला संपायचा. महिनाभर भुलाबाई. कोनाड्यात भुलाबा आणि भुलाबाई शेजारी बसवायचे, भुलाबाईच्या मांडीवर गणपती, वर जवारीच्या पाच धांड्यांची खोपी. दिवेलागणीला पोरी टिपऱ्या घेऊन जमायच्या. एका घरची गाणी झाली की घरधनीण डबा आणायची आणि खरा खेळ तेव्हा सुरू व्हायचा. डब्यात काय आहे ते ओळखायचं. ओळखलं तर पोरींची जीत, नाही ओळखलं तर त्या घराची.

पुण्याकडे भोंडला असतो, काही ठिकाणी त्यालाच हादगा म्हणतात. तिथं पाटावर हत्ती काढून भोवती फेर धरतात. रोज एक गाणं आणि एक खिरापत वाढत जाते. आमच्याकडे फेर नाही, हत्ती नाही. मूर्तींसमोर बसून गाणी. शंकर भिल्ल झाला, पार्वती भिल्लीण झाली, ती ही जोडी, असं आजी सांगायची. मला त्या कथेपेक्षा दुसरी गोष्ट मोठी वाटते. भुलाबाई वऱ्हाडातही आहे आणि खानदेशातही. १८१८ पासून खानदेश इंग्रजांच्या मुंबई इलाख्यात होता. वऱ्हाड १८५३ पर्यंत निजामाच्या अमलाखाली होतं, त्या वर्षी ते इंग्रजांच्या ताब्यात गेलं, १९०३ मध्ये मध्य प्रांताला जोडलं आणि १९५६ साली मुंबई राज्यात आलं. शंभराहून जास्त वर्षं हद्दीवरच्या मलकापूरच्या पलीकडे दुसरा कारभार, पण दोन्हीकडच्या पोरी एकाच पुनवेला खोपी बांधत होत्या. भुलाबाईची हद्द सरकारनं आखलेली नाही, ती जवारीच्या धांड्यानं आखलेली आहे.

भुलाबाईची जोडी कुंभार द्यायचा आणि त्याला सुगीत दाणे मिळायचे. १९७२ साली पाऊस गेला. मी तेव्हा नऊ वर्षांची होते. मराठवाड्याइतके हाल आमच्याकडे नव्हते म्हणतात, असेल. आमच्या रानात धांडं गुडघ्याच्या वर आलंच नाही. दाणेच नाहीत तर कुंभाराला काय देणार? माय म्हणाली, औंदा आपणच करू.

त्या मूर्ती करायला आम्हा दोघा भावंडांना पूर्ण दुपार लागली. काळी माती वाळली की भेगाळते, हे शेतात पाहिलेलंच होतं. मायनं गोधडीतला जुना कापूस ओढून काढला आणि मातीत तिंबायला लावला. माझा भाऊ पाच वर्षांचा. त्यानं भुलाबाचं नाक असं केलं की आजी पदराआड हसत बसली. डोळ्यांना गुंजा लावल्या. गणपतीला सोंड टिकेना, तिसऱ्यांदा गळली तेव्हा माय म्हणाली, राहू दे, समजते सगळ्यांले. आमच्या कोनाड्यात त्या वर्षी बिनसोंडेचा गणपती बसला. भेग मात्र एकही गेली नाही.

माय दिवसा खडी फोडायला दुष्काळी कामावर जायची. खाऊ रोज लागायचाच, आमची पाळी आली की चौदा पोरींना पुरेल इतका. एरवी आश्विनात काय कमी असतं! उकडलेल्या भुईमुगाच्या शेंगा, मक्याची कणसं, कोहळ्याच्या घाऱ्या, डोंगराकडून आलेली सीताफळं. त्या वर्षी यातलं काहीच नाही. पैसेवाल्यांच्या घरी मुरमुरे-फुटाणे असायचे, पण ते पोरी डबा हलवायच्या आधीच ओळखत.

मायचा एक खाऊ मला अजून हातात आठवतो. शिळ्या भाकरीचे तुकडे तिनं दोन दिवस माळवदावर उन्हात टाकले होते. खणखणीत वाळले. ते उखळात कुटायचं काम माझं. कुटताना आधी कडकड आवाज येतो, मग मुसळ मऊ पडतं, तेव्हा थांबायचं, नाहीतर पीठ होतं. त्यात गूळ किसून, चिमूटभर बडीशेप आणि तेलाचं नुसतं बोट. मग आम्ही दोघं लाडू वळायला बसलो. आमच्या तळहाताच्या मापाचे, सुपारीपेक्षा थोडे मोठे. माय मोठे वळू देईना, गूळ संपला असता. चौदा पोरींचे चौदा, भावाचा एक.

डालड्याचा पिवळा डबा होता, हिरवं झाड असलेला. लाडू मऊ, डबा हलवला तर आवाज येणार नाही आणि पोरी लगेच म्हणणार, मऊ आहे, लाडू आहेत. म्हणून मायनं कागदाच्या पुडीत तीन चिंचोके बांधून डब्यात टाकले. डबा हलवला की खुळखुळ.

त्या संध्याकाळी पोरींनी सगळं सांगून पाहिलं. गोड का तिखट? गोड. फुटाणे? नाही. शेंगदाणे? नाही. खडीसाखर म्हणेपर्यंत त्यांची मजल गेली. माझा ऊर भरून आला होता. आणि माझ्या भावाला ते सहन झालं नाही. तो ओरडला, "माह्या मायनं भाकरीचे लाडू केले!"

मी त्याला चिमटा काढणार होते, पण गरजच पडली नाही. एकाही पोरीनं त्याच्यावर विश्वास ठेवला नाही. भाकरीचे कुठं लाडू असतात का? त्यांनी हार मानली. आम्ही जिंकलो.

कोजागरीच्या दुसऱ्या दिवशी बोळवण. नदी कोरडी होती. वाळूत झिरा उकरला, हातभर पाणी लागलं, त्यात भुलाबा-भुलाबाईला बसवून दिलं. कापूस घातलेली ती माती लवकर विरघळेना, भाऊ कितीतरी वेळ तिथंच उकिडवा बसून होता.

पुढं रेशनवर लाल मिलो जवारी आली. तिच्या भाकरीचे लाडू मायनं एकदा करून पाहिले. कडू झाले. ते पोरींना दिले नाहीत, आम्हीच खाल्ले.

आता जळगावात केशवस्मृती प्रतिष्ठान भुलाबाई महोत्सव भरवतं, शाळाशाळांतून पोरी गाणी म्हणतात. बरं आहे, गाणी तगतील. डब्याचं मात्र मला खरं वाटत नाही. मंचावर खाऊ ओळखायला लावतात कुठं? आमच्या गल्लीत अजून तीन घरी भुलाबाई बसते आणि खाऊ म्हणून बिस्किटाचे पुडे येतात. पुड्याचा चरचर आवाज कोणत्याही पोरीला ओळखू येतो, त्यात ओळखण्यासारखं काय राहिलं?

तेव्हा ज्यांच्या घरी यंदा पोरी गाणी म्हणायला येणार आहेत, त्यांना एवढंच सांगणं आहे: पुडा आणलाच तर फोडून डब्यात काढा, आणि सोबत तीन चिंचोके टाका.