वाली, विलायत आणि बाहेरचा ओटा

‘गरिबाला कुणी वाली नाही’ असं आपण येताजाता म्हणतो. ओमानच्या इब्रा गावात मात्र वाली आहे, आणि तो सरकारी पगार घेतो. ओमानात आपल्या तालुक्यासारख्या विभागाला ‘विलायत’ म्हणतात आणि तिच्या प्रमुखाला ‘वाली’. उत्तर शर्किया प्रांताचं मुख्य ठिकाण असलेलं इब्रा ही अशीच एक विलायत. तिथे नोकरीला गेलेला मराठी माणूस लंडन न पाहताही विलायतेत राहून येतो, असं म्हणायला हरकत नाही.

मुळात अरबी ‘व-ल-य’ या धातूत जवळ असण्याचा अर्थ आहे. जवळचा तो पाठीराखा, पाठीराखा तो कारभारी. ईश्वराच्या जवळचा तो ‘वली’, प्रांत सांभाळणारा तो ‘वाली’, आणि त्याच्या हाताखालचा मुलूख ती ‘विलायत’. मराठीने वालीमधला अधिकार सोडला आणि माया तेवढी ठेवली. विलायतेची गंमत वेगळीच. हिंदुस्थानात आलेले इराणी-तुराणी सरदार आपल्या मायदेशाला विलायत म्हणत. पुढे तो शब्द फिरंग्यांच्या देशाला चिकटला आणि शेवटी इंग्लंडवर स्थिरावला. गोऱ्या सोल्जरांनी त्यातल्या ‘बिलायती’चं ‘ब्लायटी’ केलं आणि घरची आठवण काढायला तोच शब्द वापरला. विलायती चिंच तर मेक्सिकोकडची. पण परक्या चिंचेला दुसरं नाव कुठून आणणार?

वालीचं एक मोठं काम म्हणजे गाऱ्हाणी ऐकणं. जुन्या ओमानात त्यासाठी कोर्टाची वेगळी इमारत लागत नसे. किल्ल्याच्या दाराशी वाली बसे, शेजारी काझी, आणि ज्याची तक्रार असेल त्याने पुढे यावं. या बैठकीचं नाव ‘बरझा’. धातूचा अर्थ बाहेर येणं, उघड्यावर दिसणं. हा शब्द जहाजात बसून आफ्रिकेलाही गेला. इब्राच्या हारिसी घराण्यांचे झांजिबारशी दाट व्यापारी संबंध होते. गावातल्या मिन्झफा भागातले दगडमातीचे दुमजली वाडे, कमानी आणि नक्षीची दारं बऱ्याच अंशी त्याच व्यापाराच्या पैशातून उभी राहिली. झांजिबारच्या स्वाहिली बोलीत ‘बराझा’ म्हणजे घराबाहेरचा दगडी ओटा, जिथे संध्याकाळी माणसं टेकतात. ओट्यावरून सभा, सभेवरून मंडळ: आज तिथलं विधिमंडळच ‘बराझा ला वावाकिलिशी’ आहे. त्यातल्या ‘वावाकिलिशी’त आपला वकील दडलाय, तो वेगळाच.

या वकिलाची इब्रातली ओळख पटायला जरा वेळ लागतो. ओमानी शेती फलजच्या पाण्यावर चालते. भूमिगत नळातून आणि पाटातून येणारं पाणी वेळेच्या हिशेबाने वाटून घेतात. अशा पाच फलजांना युनेस्कोने 2006 मध्ये जागतिक वारशात घेतलं. मोठ्या फलजचा कारभार पाहतो तो ‘वकील’. हिशेबाच्या वह्या ‘अमीन अल-दफ्तर’कडे, आणि पाण्याच्या पाळीचा लिलाव पुकारतो तो ‘दल्लाल’. वकील, अमीन, दफ्तर, दलाल! आपल्या कचेरीच्या आवारातलीच ही मंडळी, फक्त इथे पाटाच्या कडेला उभी. वकील म्हणजे ज्याच्यावर काम सोपवलं तो. पेशव्यांचे वकील हिंगणे दिल्लीत राहत ते कोर्टात भांडायला नव्हे, राजकारण सांभाळायला. काळा कोट त्या शब्दाच्या अंगावर फार उशिरा चढला.

अरबी शेजारी समुद्रापलीकडे, तरी हे शब्द आपल्याकडे मुख्यतः खुष्कीच्या वाटेने, फारशीच्या तोंडून आले. पुरावा एका अक्षरात आहे. अरबीत ‘ज़ाद’ किंवा ‘दाद’ नावाचं अक्षर आहे. अरब ते जड ‘द’सारखं उच्चारतात, आणि स्वतःच्या भाषेला अभिमानाने ‘दादची भाषा’ म्हणतात. इराण्यांना ते जमेना, त्यांनी त्याचा ‘ज़’ केला. म्हणून अरबाचा ‘कादी’ आपला काझी झाला, ‘हादिर’चा हजर, ‘कर्द’चं कर्ज, ‘अर्द’चा अर्ज आणि ‘रिदा’ची रजा. खुद्द ‘जिल्हा’सुद्धा त्यातलाच: अरबी ‘दिल’अ’ म्हणजे बरगडी, बाजू. जिल्हा न्यायालयाच्या पाटीवर नजर टाकताना आपण मुलखाची एक बरगडी वाचत असतो.

मराठेशाहीतले निवाड्याचे कागद पाहिले तर तिथेही इमारत क्वचितच दिसते. कागदाच्या माथ्यावर ‘हाजीर मजालसी’ म्हणून कोण कोण बसले होते त्यांची नावं: देशमुख, देशपांडे, पाटील, कुलकर्णी, कधी बलुतेदारसुद्धा. मजलिस म्हणजे बसण्याची जागा. ‘महजर’ म्हणजे हजर असलेल्यांसमोर झालेला लेख. निवाड्याचं वजन भिंतींवर नव्हतं, बसलेल्या माणसांवर होतं. दरबारातही पहिलं पद ‘दर’ म्हणजे दारच. आणि ज्या ‘कोर्टा’ला आपण इतके बिचकतो, ते लॅटिनमधलं कुंपण घातलेलं अंगण. मुंबईत 1878 साली फुलर साहेबाने उंच मनोऱ्यांचं गॉथिक हायकोर्ट बांधून पुरं केलं, तेव्हा त्या अंगणावर खरं छप्पर चढलं, असं गमतीने म्हणता येईल. या सगळ्या शब्दांत घर आहे ते एकट्या ‘न्यायालया’त, आणि तो तर आपण संस्कृतातून मुद्दाम बांधून घेतलेला.

बरझाच्याच धातूचं एक पिल्लू आपल्या घरात असावं, असं मला वाटतं. फारशी जमाखर्चाच्या सियाक पद्धतीत तपशिलातून बाहेर काढून मांडलेल्या रकमेला ‘बारिज़’ म्हणत. चौथीच्या पाटीवरची ‘बेरीज’ तिचीच लेक. काही जण तिला दुसऱ्या घरची ठरवतील. ठरवोत, ओट्यावर बसून वाद घालू.