देयधर्म आणि विक्रेय वस्तू

काशीच्या उत्तरेकडील घाटांच्या रांगेत मेहता घाट आणि जटार घाट यांच्या मध्ये रामघाट येतो. त्याच्या एका अंगाला थोड्याच अंतरावर भोसले घाट व शिंदे घाट, दुसऱ्या अंगाला पंचगंगा, दुर्गाघाट आणि ब्रह्मघाट. महाराष्ट्रातील सरदारांनी, वैदिकांनी आणि यात्रेकरूंनी काशीत जे एक छोटे महाराष्ट्र वसविले, ते मुख्यतः याच पट्ट्यात. रामघाटावरील सांगवेद विद्यालयाची वेदाध्ययनाची परंपरा प्रसिद्धच आहे. आणि घाटामागील गल्ल्यांतून चौकाच्या दिशेने गेले की तांब्यापितळेच्या भांड्यांसाठी व देवमूर्तींसाठी नाव मिळविलेला ठठेरी बाजार लागतो. अशा परिसरात सोन्याचा मुलामा दिलेली एखादी प्राचीन बुद्धमूर्ती विक्रीस निघाली, तर घेणारा पहिला प्रश्न किमतीचा विचारतो व दुसरा तिच्या खरेपणाचा. ती येथे आली कोठून, हा प्रश्न बहुधा विचारलाच जात नाही. इतिहासाच्या अभ्यासकाला मात्र तेथूनच प्रारंभ करावा लागतो.

कारण अशी मूर्ती मूळची काशीची असण्याचा संभव फार थोडा. काशीपासून सुमारे १० किलोमीटरांवर सारनाथ आहे. परंतु सारनाथच्या शिल्पकारांची कीर्ती आहे ती चुनारच्या वालुकाश्मात कोरलेल्या मूर्तींमुळे. धातूच्या बौद्ध मूर्तींची मोठी केंद्रे पूर्वेस, मगधात होती. नालंदा हे त्यांतील एक; आणि गया जिल्ह्यातील कुर्किहार येथे १९३० साली दोनशेहून अधिक मूर्तींचा जो संचय सापडला, त्याने दुसऱ्या केंद्राची साक्ष दिली. तो संचय पाटण्याच्या संग्रहालयात एकत्र राहिला, हे भारतीय कलेतिहासाचे भाग्य होय. सोनेरी मुलाम्याच्या मूर्ती म्हटल्या की दृष्टी आणखी उत्तरेकडे, नेपाळ व तिबेटकडे वळते. काठमांडूच्या खोऱ्यातील नेवार कारागीर प्रथम मेणाची मूर्ती घडवीत, तीवर मातीचे लेप देत, मग मेण वितळवून त्या पोकळीत धातू ओतीत. नंतर सोने आणि पारा खलून केलेला लगदा मूर्तीवर चोळून ती विस्तवावर तापवली की पारा उडून जाई व सोने धातूला धरून राही. शिसे अधिक असलेल्या मिश्रधातूवर हा मुलामा नीट बसत नाही. म्हणून नेवार कारागीर शक्यतो शुद्ध तांबेच वापरीत. विक्रेते ज्यांना सरसकट 'सोनेरी कांस्य' म्हणतात, त्यांतील पुष्कळ मूर्ती वस्तुतः तांब्याच्या असतात. नाव चुकले तर किंमत सहसा चुकत नाही, हे बाजाराचे वैशिष्ट्य आहे. पण धातूचे नाव चुकले की घडवणाऱ्याचा प्रांत ओळखण्याची एक खूण नाहीशी होते.

यापेक्षाही महत्त्वाच्या खुणा मूर्तीच्या पायाशी असतात. प्राचीन बौद्ध मूर्तींच्या पीठावरील लेखांत 'देयधर्म' हा शब्द वारंवार आढळतो. ही वस्तू धर्मार्थ दिलेली आहे, हा त्याचा भाव. लेखात दात्याचे नाव येते, तो भिक्षू असेल तर त्याचा निर्देश होतो. आणि या दानाचे पुण्य मातापित्यांना, आचार्यांना व सर्व प्राणिमात्रांना लाभो, अशी इच्छा व्यक्त केलेली असते. नेपाळातील मूर्तींवर पुष्कळदा नेपाळ संवताचे वर्षही कोरलेले असते. या संवताचा प्रारंभ इ. स. ८७९ चा. म्हणजे जी वस्तू आज रुपयांत मोजली जाते, तिच्याच अंगावर ती एकदा सर्वांसाठी देऊन टाकल्याचा दस्तऐवज असतो. दान केलेल्या वस्तूवर दात्याचाही हक्क उरत नाही. मग तो विक्रेत्याकडे कोणत्या मार्गाने आला? विक्रीच्या पत्रकात या प्रश्नाला बहुधा जागा नसते. उलट, पीठ मूर्तीपासून वेगळे झालेले असते, किंवा लेख घासला गेलेला असतो, आणि पत्रकात त्याची संभावना 'किंचित झीज' अशा दोन शब्दांत होते.

दुसरी खूण मूर्तीच्या पोटात असते. तिबेटी व नेपाळी परंपरेत पोकळ मूर्तीची प्रतिष्ठा करताना तिच्यात मंत्र लिहिलेल्या कागदाच्या गुंडाळ्या, धान्य, सुगंधी द्रव्ये, क्वचित एखाद्या सत्पुरुषाचे अवशेष ठेवतात आणि तळ तांब्याच्या पत्र्याने बंद करतात. त्या पत्र्यावर बहुधा परस्परांना छेदणारी दोन वज्रे कोरलेली असतात. भक्ताच्या दृष्टीने मूर्ती येथून पुढे जिवंत होते. बाजारात येणाऱ्या अनेक मूर्तींचा हा पत्रा उचकटलेला असतो. सोन्याच्या किंवा रत्नांच्या आशेने कोणीतरी कधीतरी तो उघडलेला असतो, आणि त्या मूर्तीची प्रतिष्ठा कोणी, कोठे, केव्हा केली हे सांगू शकणारे कागद फेकून दिलेले असतात. १९५९ नंतर तिबेटमधून निघालेल्या निर्वासितांबरोबर पुष्कळ मूर्ती खाली उतरल्या. पोटासाठी घरातील देव विकावा लागलेल्या माणसाला दोष देण्याचा अधिकार कोणालाही नाही. मात्र त्या गरजेच्या आडोशाने मठांतून लुटलेला मालही बाजारात आला.

काशीतील महाराष्ट्रीयांचा बुद्धाशी संबंध मूर्तीच्या वाटेने आलेला नाही, हे येथे ध्यानात घेण्याजोगे आहे. १९०० च्या सुमारास गोव्याचा एक निष्कांचन तरुण संस्कृत शिकण्यासाठी काशीस येऊन राहिला. अन्नछत्रावर जेवून त्याने शास्त्राध्ययन केले, आणि १९०२ मध्ये बौद्ध धर्माच्या शोधात तो नेपाळला गेला. हे धर्मानंद कोसंबी होत. ज्या खोऱ्यातून सोनेरी मूर्ती भारतात येत, तेथेच ते पोहोचले होते. पण तेथील बौद्ध धर्माची अवस्था पाहून त्यांची निराशा झाली आणि ते बुद्धगयेकडे व पुढे सिंहलद्वीपाकडे वळले. 'निवेदन' या त्यांच्या आत्मचरित्रात हा सर्व प्रवास आला आहे. त्यांना हवा होता तो ग्रंथ आणि गुरू. आणि मराठीला त्यांच्याकडून मिळाले तेही ग्रंथच.

वस्तूचे मूळ पुसले जाण्याची काशीतील परंपरा तशी जुनी आहे. १७९४ साली जगतसिंहाच्या माणसांनी बांधकामासाठी विटा काढताना सारनाथचा धर्मराजिक स्तूप उकरला. त्यांना दगडी पेटीत ठेवलेला संगमरवरी करंडक सापडला. त्यात अस्थी, मोती व सुवर्णपत्रे होती. अस्थी गंगेत सोडण्यात आल्या. हिंदू अंत्यविधीच्या दृष्टीने त्यात अनादर नव्हता. पण त्या कोणाच्या अस्थी, हा प्रश्न त्या क्षणी कायमचा बुडाला. ही हकीकत आज ठाऊक आहे ती काशीचा तत्कालीन रेसिडेंट जोनाथन डंकन याने ती लिहून एशियाटिक सोसायटीला कळविली म्हणून. हाच डंकन पुढे १७९५ पासून १८११ पर्यंत मुंबईचा गव्हर्नर होता. विरोधाभास असा की, वरुणा नदीवर त्याच्या नावाने ओळखला जाणारा जो पूल झाला, त्याच्या रक्षणासाठी पुढे सारनाथच्या मूर्ती आणि कोरीव दगड नदीत टाकण्यात आले. त्या मूर्तींची अशी नोंद कोणी ठेवली नाही.

विसाव्या शतकात अज्ञान हे कारण देता येत नाही. महानदीच्या काठचे सिरपूर, प्राचीन श्रीपूर, हे दक्षिण कोसलच्या पांडुवंशी राजांचे नगर. तेथे सोन्याचा मुलामा आणि डोळ्यांत चांदी असलेल्या बौद्ध धातुमूर्तींचा संचय उजेडात आला, पण तो कुर्किहारसारखा एकत्र राहिला नाही. काही मूर्ती रायपूरच्या संग्रहालयात पोहोचल्या. एक अत्यंत देखणी तारा अमेरिकेत लॉस एंजेलिसच्या संग्रहालयात आहे. पुढे १९५३ ते १९५६ या काळात मोरेश्वर गंगाधर दीक्षित यांनी सिरपूर येथे उत्खनन करून महाशिवगुप्त बालार्जुनाच्या काळातील विहार उघडे केले. आनंदप्रभ नावाच्या भिक्षूचा विहार त्यामुळे प्रकाशात आला. दीक्षितांनी धातुमूर्तींवरही स्वतंत्र लेखन केले. त्यांच्या कामाचे मोल असे की पांगलेल्या मूर्तींना त्यांनी पुन्हा एक गाव मिळवून दिले. तरीही कोणती मूर्ती कोणत्या विहारातील, कोणत्या मूर्तीशेजारी कोणती पुजली जात होती, हे आता कोणीही सांगू शकणार नाही. कारण उत्खननाच्या आधीच त्या जमिनीतून निघाल्या होत्या.

नालंदेचे उदाहरण याच्या उलट आहे. २२ ऑगस्ट १९६१ रोजी तेथील पुरातत्त्व संग्रहालयातून चौदा धातुमूर्ती चोरीस गेल्या. त्यांतील बाराव्या शतकातील एक बुद्धमूर्ती, चांदीचे जडावकाम असलेली, अनेक हातांतून फिरत २०१८ साली युरोपातील एका कलाविक्री मेळ्यात मांडली गेली. ती ओळखता आली ती पुरातत्त्व खात्याने पूर्वी घेतलेल्या छायाचित्रांमुळे. मेण वितळवून ओतलेली प्रत्येक मूर्ती एकुलती एक असते, साचा फोडावाच लागतो. म्हणून जुने छायाचित्र आणि मूर्ती यांचा मेळ बसला की वाद उरत नाही. १५ ऑगस्ट २०१८ रोजी लंडनच्या पोलिसांनी ती भारताच्या उच्चायुक्तांच्या स्वाधीन केली.

पुरावशेषांसंबंधीचा १९७२ चा कायदा ५ एप्रिल १९७६ पासून अमलात आला. शंभर वर्षांहून जुन्या मूर्तीची नोंदणी, व्यापाऱ्याला परवाना आणि खाजगी निर्यातीस बंदी ही त्याची मुख्य अंगे. देशांतर्गत विक्री त्याने निषिद्ध केलेली नाही, त्यामुळे रामघाटावरील सौदा कायद्याला धरूनही होऊ शकतो. मात्र नोंदणीच्या कागदावर मूर्तीचे छायाचित्र, माप आणि आजचा धनी येतो. ती ज्याने दिली त्या दात्याचे नाव कोठे असेल तर ते पीठावरच्या लेखात.