एक, अनेक आणि एकता : एका बालगीताची घडण

एखादे गीत कर्त्यांच्या नावांपासून सुटून लोकगीतासारखे वावरू लागते, तेव्हा त्याचा इतिहास सांगणे अवघड होते. फिल्म्स डिव्हिजनने १९७४ मध्ये निर्मिलेल्या 'एक, अनेक और एकता' या अॅनिमेशनपटातील पाखरांचे गीत असेच आहे. दूरदर्शनवरून ते पुनःपुन्हा प्रक्षेपित झाले आणि एका पिढीच्या बालपणाचा भाग बनले. त्याचे कर्ते मात्र विस्मृतीत गेले.

त्यांपैकी एक धागा लखनौचा आहे. पटातील चित्रांना गती देणारे भीमसैन यांचा जन्म १९३६ साली मुलतानचा. फाळणीनंतर त्यांचे कुटुंब लखनौला आले. भातखंडे यांनी १९२६ साली जेथे संगीताचे महाविद्यालय उभारले, त्याच नगरात भीमसैन यांच्यावर चित्रकला आणि शास्त्रीय संगीत यांचे संस्कार झाले. १९६१ मध्ये ते मुंबईस फिल्म्स डिव्हिजनमध्ये पार्श्वचित्रकार म्हणून रुजू झाले. लघुपटाचे दिग्दर्शन विजया मुळे यांचे, तर संगीत कोकणात जन्मलेल्या वसंत देसाई यांचे. बालस्वर साधना सरगम यांचा. अखेरचे एकात्मतेचे गीत लिहिणारे विनयचंद्र मौद्गल्य हे १९३९ साली दिल्लीत गांधर्व महाविद्यालय स्थापणारे, पलुसकर परंपरेतील संगीतज्ञ.

कथाबीज जुनेच आहे. पंचतंत्रातील 'मित्रसंप्राप्ती'त चित्रग्रीव हा कपोतराज जाळ्यासह उडण्याची आज्ञा देतो आणि हिरण्यक उंदराला आपल्या आधी अनुचरांचे पाश तोडावयास सांगतो. ती कथा विष्णुशर्म्याने राजपुत्रांसाठी रचली असे मानले जाते. लघुपटात जाळे, पाखरे आणि उंदीर कायम आहेत. राजा मात्र नाही. पंडिताच्या जागी थोरली बहीण आली आहे आणि राजपुत्राच्या जागी 'अनेक' म्हणजे काय असे विचारणारा धाकटा भाऊ. राजनीतीचा पाठ प्रजासत्ताकातील मुलांच्या खेळात उतरला, हे या रूपांतराचे मर्म होय. या स्थित्यंतरात अनुचरांना अग्रक्रम देणाऱ्या चित्रग्रीवाचे औदार्य हरपले, हेही नमूद करावयास हवे. परंतु सुटकेचे श्रेय साऱ्या थव्याला मिळाले.

बोधपर वाङ्मयात उपदेश बहुधा कलेवर मात करतो. येथे तसे घडले नाही, कारण एकतेची व्याख्या सांगण्याआधी ती कृतीतून दाखविली जाते. पाखरे आधी उडतात. शब्दाचा अर्थ मागाहून कळतो. बालमनाची शिकण्याची रीतही हीच असते. या लघुपटाला उत्कृष्ट शैक्षणिक चित्रपटाचा राष्ट्रीय पुरस्कार लाभला.

वसंत देसाई १९७५ मध्ये निवर्तले, मौद्गल्य १९९५ मध्ये, भीमसैन २०१८ मध्ये आणि विजया मुळे २०१९ मध्ये. देशाच्या विभाजनाने विस्थापित झालेल्या चित्रकाराच्या हातून एकतेचे हे चित्र रेखाटले गेले. चरित्र आणि कृती यांचे सरळ समीकरण मांडू नये, हे खरे. तथापि हा योग ध्यानी घेतल्यावर, निव्वळ सरकारी घोषणा म्हणून त्या गीताची बोळवण करता येत नाही.